नाव ठेवणे आणि नाव सांगणे : 'डिलेट' या क्रियापदाच्या मराठी भाषांतराचा प्रश्न

इंग्रजीत दोषारोपाची क्रियापदे पुष्कळ आहेत. त्यांपैकी 'डिलेट' हे आज फारसे कोणी वापरीत नाही. स्कॉटलंडमधील चर्चच्या जुन्या दफ्तरांत, इन्क्विझिशनविषयक ग्रंथांत आणि मोठ्या कोशांत ते भेटते. संगणकावरील 'डिलीट' या शब्दाशी त्याचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. अशा विरळ शब्दाची चर्चा मराठी समीक्षेत कशासाठी, असा प्रश्न कोणी उपस्थित केल्यास त्याचे उत्तर वसईच्या इतिहासात शोधावे लागते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाशी झालेल्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली, तेव्हा वसई, दमण, चौल हा पोर्तुगिजांचा 'उत्तरेचा प्रांत' त्या न्यायालयाच्या अधिकारकक्षेत आला. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ या प्रदेशातील माणसे ज्या संस्थेच्या छायेत वावरली, तिचे कामकाज ज्या कृतीपासून सुरू होई त्या कृतीचे हे नाव आहे. ती कृती मराठीत सांगायची झाल्यास कोणते क्रियापद वापरावे?

वरवर पाहता हा प्रश्न कोशकाराचा वाटतो. परंतु 'आरोप केला', 'चहाडी केली', 'फिर्याद दिली' यांपैकी एकेक शब्द लिहून पाहिला की कृती करणाऱ्याविषयीचा निवाडाही त्यासरशी बदलत जातो असे दिसून येते. अ. का. प्रियोळकरांसारख्या मराठी पाठचिकित्सेच्या आचार्यांनी या विषयावरील आपला ग्रंथ, 'द गोवा इन्क्विझिशन' (१९६१), इंग्रजीत लिहिला. तेथे ही अडचण उद्भवत नव्हती. मराठीत लिहिणाऱ्याला ती टाळता येत नाही.

प्रथम मूळ शब्दाचा विचार करू. लॅटिनमधील 'देफेर्रे' म्हणजे खाली किंवा एखाद्या ठिकाणी वाहून नेणे. त्याचे भूतकालवाचक धातुसाधित 'देलातुस'. त्यापासून 'डिलेट' आले. 'रिलेट', 'ट्रान्सलेट' ही क्रियापदे याच कुळातील. रोमन न्यायव्यवहारात एखाद्यावर खटला भरावयाचा असता त्याचे 'नाव प्रेटरकडे नेणे' असा वाक्प्रचार होता. नेली जाणारी वस्तू नाव आहे, आणि ते नेण्याची दिशा अधिकाऱ्याकडे आहे. ज्याचे ते नाव, तो मनुष्य या हालचालीत कोठेच नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे साम्राज्यकाळात, विशेषतः टायबेरियसच्या कारकिर्दीपासून, 'देलातोर' हा एक भयप्रद वर्ग बनला. राजद्रोहाच्या खटल्यात दोष सिद्ध झाल्यास दोषी ठरलेल्याच्या मालमत्तेचा काही हिस्सा त्यांना मिळे. टॅसिटसच्या इतिहासलेखनात या शब्दाला जो काळिमा लागला, तो फ्रेंच, इटालियन आदी भाषांतील त्याच्या वंशजांना आजवर चिकटून आहे. पोर्तुगीजमध्ये तर हा शब्द अद्याप चांगलाच वावरतो. ब्राझीलमध्ये सवलतीच्या बदल्यात साथीदारांची माहिती देणाऱ्या आरोपीच्या करारास जे प्रचलित नाव आहे, ते याच धातूपासून बनलेले आहे.

चर्चच्या कायद्यात मात्र या कृतीला एक वेगळी, तांत्रिक प्रतिष्ठा मिळाली. आरागॉनचा इन्क्विझिटर निकोलस एमेरिक याने १३७६ साली सिद्ध केलेल्या मार्गदर्शक ग्रंथात धर्मविषयक खटला सुरू होण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत. पहिला अभियोगाचा. यात अभियोक्ता उघडपणे पुढे येतो, दोष सिद्ध करण्याची जबाबदारी घेतो आणि तो सिद्ध न झाल्यास तीच शिक्षा स्वतः भोगण्याचा धोका पत्करतो. दुसरा खबर देण्याचा. यात सांगणारा केवळ सांगतो. सिद्धतेचा भार त्याच्यावर नसतो आणि तो पक्षकारही होत नाही. तिसरा न्यायाधीशाने लोकवदंतेवरून स्वतःहून चौकशी करण्याचा. व्यवहारात पहिला मार्ग मागे पडला आणि दुसरा राजमार्ग झाला. 'डिलेट' हे क्रियापद काटेकोर अर्थाने या दुसऱ्या मार्गाचे आहे. आरोप आणि खबर यांच्यामध्ये कायद्याने आखलेली रेषा त्यात जपलेली आहे. इंग्रजी कोशांत 'आरोप करणे' आणि 'माहिती देणे' असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिलेले आढळतात, त्याचे कारण येथे आहे.

शब्दाच्या या दुहेरीपणाचा एक प्रसिद्ध वाङ्मयीन पुरावा 'ऑथेल्लो'त आहे. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात इयागोच्या अडखळण्याविषयी, वाक्ये अर्धवट सोडण्याविषयी ऑथेल्लो बोलतो. त्या ठिकाणी १६२२ च्या क्वार्टो प्रतीत एक शब्द आहे आणि १६२३ च्या फोलिओत 'डायलेशन्स' असा दुसराच. सॅम्युअल जॉन्सनने तेथे 'डिलेशन्स', म्हणजे गुप्त दोषकथन, असा पाठ सुचवला. त्या काळी या दोन शब्दांच्या लेखनात पुरेसा भेद नव्हता. विस्तार, विलंब आणि गुप्त खबर हे तिन्ही अर्थ एका उच्चारात मिसळत. पॅट्रिशिया पार्कर यांनी १९८५ मध्ये या पाठभेदावर लिहिताना ही सरमिसळ सबंध नाटकाच्या गाभ्याशी नेऊन भिडवली. इयागो डेस्डेमोनावर आरोप ठेवीत नाही. तो थांबतो, लांबण लावतो आणि ऑथेल्लोच्या कानापर्यंत काहीतरी पोहोचवतो. आरोप ठेवण्याचे काम अखेर ऑथेल्लोच करतो. महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या भाषांतरापासून (१८६७) आणि देवलांच्या 'झुंझारराव'पासून (१८९०) मराठी वाचक-प्रेक्षकांना हे नाटक परिचित आहे, आणि इयागोच्या कृतीसाठी 'कान भरणे' हा नेमका वाक्प्रचार मराठीत सहज उपलब्ध आहे. परंतु 'कान भरणे'त कपट गृहीत असते. न्यायालयापुढे, शपथेवर, धर्मकर्तव्य म्हणून केलेल्या खबरीला तो लागू पडत नाही. येथून खरी अडचण सुरू होते.

मराठीतील दोषारोपाच्या शब्दांकडे पाहिले असता त्यांची दोन कुळे स्पष्ट दिसतात. पहिल्या कुळातील शब्दांचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय दोषी मनुष्याकडे वळलेले असते. त्याच्यावर आळ घेतात, आरोप ठेवतात, ठपका ठेवतात, बालंट आणतात, किटाळ येते. त्याला बोल लावतात, दूषण देतात, नावे ठेवतात. या सर्वांत दोष ही वरून ठेवण्याची किंवा लावण्याची गोष्ट आहे. ओझे, डाग, लेप अशा प्रतिमा त्यांच्या मुळाशी आहेत. त्यांत 'आरोप' हा संस्कृत शब्द प्रमुख. आ + रुह् या धातूच्या प्रयोजक रूपापासून तो आला. त्याचा मूळ अर्थ चढवणे. अलंकारशास्त्राच्या अभ्यासकाला हा शब्द दुसऱ्याच संदर्भात परिचित असतो. विषयावर विषयीचा आरोप, म्हणजेच उपमेयावर उपमानाचा, हे रूपकाचे लक्षण. मुखावर चंद्राचा आरोप आणि शेजाऱ्यावर चोरीचा आरोप या दोन प्रयोगांत एकच शब्द असणे हा योगायोग नाही. दोन्ही ठिकाणी एका वस्तूवर दुसरीचे रूप चढवले जाते. भेद इतकाच की रूपकातला आरोप आहार्य असतो. तो आरोप आहे याची जाणीव बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला असते. न्यायालयातला आरोप ही जाणीव पुसून टाकू पाहतो आणि चढवलेले रूप हेच स्वरूप असल्याचे मान्य करवून घेऊ पाहतो.

'डिलेट' या कृतीत असे चढवणे असतेच असे नाही. हे समजण्यासाठी गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेला आदेश पाहावा. ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांनी लग्नसमारंभात ओव्या गाऊ नयेत, मिठाशिवाय भात शिजवू नये, पुरुषांनी धोतर व स्त्रियांनी चोळी वापरू नये, घराशी तुळस लावू नये, अशा स्वरूपाच्या मनाया त्यात आहेत. आता एखादी शेजारीण जाऊन 'त्यांच्या घरी लग्नात ओव्या म्हटल्या' असे सांगते. तिने आरोप केला काय? तिने घडलेली गोष्ट सांगितली. त्या गोष्टीवर धर्मद्रोहाचे रूप चढवले ते न्यायालयाने. सांगणारी आणि आरोप ठेवणारे हे भिन्न आहेत, आणि या भिन्नतेवरच ती यंत्रणा उभी आहे. सांगणारीला आपण कोणावर काही लादले असे वाटण्याचे कारण नाही. न्यायालयालाही, आपण आरोप शोधून काढला नाही, तो आपल्याकडे आला, असे म्हणता येते. 'आरोप केला' असे भाषांतर केल्यास ही दोन कामे एकत्र होतात आणि संस्थेचा वाटा सांगणाऱ्याच्या माथी जातो.

दुसऱ्या कुळातील मराठी शब्दांची दिशा अधिकाऱ्याकडे आहे. एकाची कागाळी दुसऱ्याकडे करतात, गाऱ्हाणे दुसऱ्याकडे नेतात, चहाडी दुसऱ्यापाशी करतात. तीन पात्रे, आणि त्यांपैकी ज्याच्याविषयी बोलणे आहे ते केवळ षष्ठीत. 'डिलेट'ची वाक्यरचना हीच आहे. म्हणून भाषांतराचा शोध या कुळात घ्यावयास हवा. परंतु या शब्दांनाही आपापले इतिहास आहेत.

'गाऱ्हाणे' उच्चारताच मराठी वाचकापुढे गौळण उभी राहते. संतकाव्यातील गौळणींत गोपी कृष्णाच्या खोड्यांचे गाऱ्हाणे यशोदेकडे नेतात. नेणे आहे, अधिकारस्थान आहे, दोषी आहे. परंतु गोपी आपले स्वतःचे फुटलेले माठ आणि गेलेले लोणी घेऊन येतात. त्या समोर उभ्या असतात, आणि कृष्णाला आपली बाजू मांडावयास भरपूर वाव मिळतो. गाऱ्हाणे उघड असते आणि आपल्या हानीचे असते. इन्क्विझिशनपुढे बोलणाऱ्याची बहुधा कोणतीच हानी झालेली नसे. म्हणून हा शब्द बाद होतो. 'फिर्याद'ही याच कारणाने बाद होते. तिच्या फारसी मुळात आर्त हाक आहे आणि कायद्यात फिर्यादी हा ओळखीचा पक्षकार आहे.

राहिली 'चहाडी'. गुप्तता, दुसऱ्याच्या दोषाचे कथन, वरिष्ठाचा कान ही तिन्ही लक्षणे तिच्यात आहेत, आणि अनेकांना हाच पर्याय योग्य वाटेल. परंतु चहाडी हा शब्द वर्णन करण्याआधीच धिक्कार करतो. त्यामागे मोठी नैतिक परंपरा आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांत 'अपैशुन' सांगितले आहे आणि ज्ञानेश्वरीत त्यावर विवरण आहे. पिशुन म्हणजे चहाडखोर. दुसऱ्याचे वैगुण्य वाहून न नेणे हा येथे सद्गुण ठरला. या पार्श्वभूमीवर इन्क्विझिशनचा जाहीर आदेश ठेवून पाहावा. तो चर्चमध्ये वाचून दाखविला जाई. आपणास माहीत असलेला धर्मविरोधी आचार ठरावीक मुदतीत न सांगणाऱ्यास बहिष्काराची धमकी त्यात असे. एका परंपरेत जे न करणे हा गुण, ते न करणे दुसऱ्या व्यवस्थेत पाप. वसईच्या वाड्यांतून राहणाऱ्या, नुकत्याच धर्मांतरित झालेल्या कुटुंबांना या दोन आज्ञांच्या मध्ये उभे राहावे लागले. त्यांच्या सांगण्याला 'चहाडी' म्हणणारा इतिहासकार पहिल्या आज्ञेच्या बाजूने निकाल देतो. भीतीने, शपथेने, कधी स्वतःवरील संशय टाळण्यासाठी बोललेली सर्व माणसे त्या निकालात एकाच रंगाने रंगतात. आणि ज्यांनी बोलणे सक्तीचे केले ते वाक्याच्या बाहेर राहतात.

कर्तव्य म्हणून दोष वाहून नेणाऱ्याचे चित्र भारतीय परंपरेत नाही असे मात्र नव्हे. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त पहिल्या अंकाच्या अखेरीस दुर्मुख हा हेर सीतेविषयीचा लोकापवाद रामाच्या कानात सांगतो. त्याचे शब्द प्रेक्षकांना ऐकू येत नाहीत. दिसते ती रामाची मूर्च्छा. दुर्मुख आरोप करीत नाही, चहाडीही करीत नाही. लोक काय म्हणतात ते राजाला कळवणे हे त्याचे नेमलेले काम आहे आणि ते करताना तो स्वतः व्यथित आहे. 'डिलेट'चा इतका शुद्ध नमुना अन्यत्र क्वचित सापडेल. परंतु दुर्मुखाच्या कृतीला भवभूतीने वेगळे नाव दिलेले नाही. शिवाय तो राजाचा सेवक आहे, आणि वसईतली माणसे कोणाची हेर नव्हती. तेथे प्रत्येक शेजाऱ्याला काही काळ दुर्मुख व्हावे लागले.

याउलट बाजूला दोषी ठरणाऱ्याचे काय होई? फ्रेंच वैद्य शार्ल देलों याला १६७३ साली दमणला पकडण्यात आले आणि गोव्यास नेताना वसईच्या तुरुंगातही ठेवण्यात आले. १६७६ च्या जानेवारीत त्याला शिक्षा सुनावण्यात आली. १६८७ मध्ये त्याने आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला. प्रियोळकरांच्या ग्रंथात तो समाविष्ट आहे. या वृत्तान्तातून एक गोष्ट ठळकपणे जाणवते. कैद्याला त्याच्याविरुद्ध कोण बोलले हे सांगत नसत. आपणास का पकडले असावे याचा तर्क त्यानेच करावयाचा आणि त्याप्रमाणे कबुली द्यावयाची. म्हणजे ज्याचे नाव नेले गेले, त्याला ते कोणी नेले आणि नावासोबत काय नेले हे ठाऊक नसे. 'डिलेट'च्या वाक्यरचनेत दोषी मनुष्य केवळ षष्ठीत उरतो, असे वर म्हटले. कोठडीतील त्याची अवस्थाही तशीच होती. कागदपत्रांतही असमतोल आहेच. गोव्याच्या न्यायालयाची बहुतेक प्रकरणे नष्ट झाली. १६२३ साली जुवांव देलगादु फिगेइरा याने तयार केलेली सुमारे ३८०० खटल्यांची सूची मात्र उरली आहे. ती ज्यांच्यावर खटले चालले त्यांची आहे.

नाव हाच येथील कळीचा शब्द ठरतो. रोमन वाक्प्रचारात नाव नेले जाई. गोव्याच्या सूचीत नावे उरली. आणि मराठीतही नावाभोवती दोषारोपाचे दोन वाक्प्रचार आहेत. एक 'नावे ठेवणे'. हा पहिल्या कुळातला. एखाद्याला नावे ठेवणे म्हणजे त्याच्यावर वैगुण्याचा आरोप करणे. त्यासाठी तिसऱ्या कोणाची गरज नसते. दुसरा 'नाव सांगणे'. शाळकरी मुलांच्या तोंडी तो आजही रोज ऐकू येतो : 'बाईंना तुझं नाव सांगीन.' कोशकारांनी आणि समीक्षकांनी या प्रयोगाकडे विशेष लक्ष दिलेले दिसत नाही. वस्तुतः 'डिलेट'ची सर्व अंगे त्यात आहेत. सांगणारा आहे. चतुर्थीतील अधिकारस्थान अपरिहार्य आहे. दोषी षष्ठीत आहे. काय केले याचा उच्चारही आवश्यक नाही, नावापुरते सांगणे पुरते, कारण पुढचा अर्थ बाई लावणार हे गृहीत आहे. आणि महत्त्वाचे म्हणजे सांगणारा वाईटच असेल असे या प्रयोगात ठरलेले नाही. त्याला चहाडखोर म्हणायचे की आज्ञाधारक, हे ऐकणारा ठरवतो. वर्गातल्या मॉनिटरला तर बडबडणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचे कामच नेमून दिलेले असते.

या सूचनेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला, हा प्रयोग बालिश असून गंभीर इतिहासलेखनास शोभणार नाही. ज्यांना दफ्तरी वळण हवे असेल त्यांच्यासाठी 'गुदरणे' हे क्रियापद आहे. अर्ज, दावा, फिर्याद गुदरली जाते. फारसीतून आलेल्या या धातूत पुढे सरकवण्याचा, सादर करण्याचा अर्थ आहे आणि तो 'देफेर्रे'च्या पुष्कळ जवळ जातो. 'न्यायालयाकडे नाव गुदरले' असे म्हणता येईल. परंतु त्यात कचेरी दिसते, शेजार दिसत नाही. ज्या कृतीने वाडीतल्या दोन घरांमधले नाते कायमचे बदलले, तिच्यासाठी घरातलाच शब्द हवा. शिवाय अधिकारस्थान निर्माण झाले की नाव सांगणे कसे निर्माण होते, हे शाळेच्या वर्गाइतके स्पष्ट अन्यत्र दिसत नाही. दुसरा आक्षेप संदिग्धतेचा. 'नाव सांगणे' म्हणजे ओळख देणे, किंवा वाडवडिलांचे नाव सांगणे, असेही होते. परंतु वाक्यात चतुर्थीतील अधिकारी आला की ही संदिग्धता मावळते. 'कमिसाराला शेजाऱ्याचे नाव सांगितले' या वाक्याचा अर्थ लावताना कोणी अडणार नाही.

वसईत या प्रश्नाला आजही जिवंत संदर्भ आहे. या भागातील ख्रिस्ती समाजाने मराठीत लिहिण्याची आणि धार्मिक जीवनाची परिभाषा मराठीतूनच घडवण्याची परंपरा जोपासली आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांच्या 'सुबोध बायबल'ने (२०१०) तिला व्यापक मराठी वाचकवर्ग मिळवून दिला. अशा प्रदेशाचा इन्क्विझिशनकालीन इतिहास मराठीत लिहिला जातो, तेव्हा तो ज्यांच्याविषयी आहे त्यांचे वंशज तो वाचत असतात. ज्यांची नावे सांगितली गेली आणि ज्यांनी ती सांगितली, या दोहोंचे वंशज एकाच गावात असणे अगदी संभवनीय आहे. 'चहाडी' लिहिल्यास एका बाजूला कायमचा कलंक लागतो आणि 'आरोप' लिहिल्यास दुसऱ्या बाजूने काहीतरी केले असावे असा ध्वनी उमटतो. 'नाव सांगितले' असे लिहिल्यास वाचकाला पुढचे दोन प्रश्न विचारावे लागतात : कोणाला, आणि कशाच्या भयाने? त्या काळाविषयी विचारावयाचे प्रश्नही हेच आहेत.